‘नको’चा चौकोन कुठे आहे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात अलीकडे दिव्यांग मुलांच्या एका संस्थेची बातमी वाचली. आवारात कॅमेरे लागले, फाटकावर रखवालदार आला, येणाऱ्याजाणाऱ्यांची वही सुरू झाली आणि ‘आता आमची मुलं पूर्ण सुरक्षित आहेत’ असं व्यवस्थापनाने सांगून टाकलं. कॅमेऱ्यांशी माझं भांडण नाही. पण मी स्पीच थेरपिस्ट. नोकरीची सगळी वर्षं अशाच संस्थांमध्ये गेली, त्यातही जास्त वेळ न बोलणाऱ्या मुलांबरोबर. त्यामुळे बातमी वाचताना माझ्या मनात आलं ते एवढंच, की यातल्या एखाद्या मुलाला कोणी इजा केली तर ती त्याने सांगायची कशी? त्याच्या चित्रतक्त्यावर ‘नको’चा चौकोन तरी आहे का?

ज्यांनी चित्रतक्ता पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मुलाला समजतं, पण बोलता येत नाही, तेव्हा आम्ही पुठ्ठ्यावर किंवा टॅब्लेटवर चौकोन आखतो आणि एकेका चौकोनात एकेक चित्र लावतो. मूल बोटाने दाखवतं. हात साथ देत नसेल तर नजरेने दाखवतं. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणं, असलेली काही मुलं ‘हो’साठी वर बघतात, ‘नाही’साठी डोळे मिटतात, आणि एवढ्या भांडवलावर त्यांच्याशी भरपूर गप्पा होतात. समोरच्याला घाई नसावी, इतकंच. असे तक्ते मी अनेक ठिकाणी पाहिले. पाणी, पंखा, भूक, शी, शू, चेंडू, आई, बाबा, टीव्ही. एका ठिकाणी तर ‘थँक यू’ होतं, ‘गुड मॉर्निंग’ होतं, ‘सॉरी’सुद्धा होतं. ‘नको’ नव्हतं. ‘थांब’ नव्हतं. ‘दुखतंय’ असायचं, पण कुठे दुखतंय ते दाखवायला शरीराचं चित्र नसायचं, आणि असलंच तर कमरेपासून मांडीपर्यंत ते कोरं. संस्थेतल्या मोठ्या माणसांचे फोटो तर जवळजवळ कुठेच नव्हते. तक्ता मोठी माणसं बनवतात आणि मुलाने काय बोलावं अशी त्यांची अपेक्षा असते तेवढंच त्यावर येतं. आपल्याविरुद्ध कोणी तक्रार करावी अशी अपेक्षा कोण कशाला ठेवेल?

धोका कल्पनेतला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेलं एक विश्लेषण २०१२ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. त्यात आधीचे १७ अभ्यास एकत्र तपासले होते. दिव्यांग मुलांवर हिंसा होण्याची शक्यता इतर मुलांच्या ३.७ पट निघाली, लैंगिक अत्याचाराची २.९ पट. बौद्धिक किंवा मानसिक दिव्यांगत्व असेल तर लैंगिक अत्याचाराची शक्यता ४.६ पटीवर गेली. हे सगळे अभ्यास श्रीमंत देशांतले, जिथे नियमांना आणि तपासनिसांना तोटा नाही. २०२२ मध्ये त्याच परिवारातल्या बालआरोग्याच्या नियतकालिकात याहून मोठं विश्लेषण आलं, त्यात काही गरीब देशही होते. दर तीन दिव्यांग मुलांमागे जवळपास एकाने कुठली ना कुठली हिंसा सोसलेली होती. या आकड्यांत घर आलं, शाळा आली, रस्ता आला. सगळा दोष संस्थांचा नाही. पण संस्थेत मुलाभोवती बदलत्या माणसांची वर्दळ असते आणि रात्री आई शेजारी नसते, हे विसरून चालणार नाही.

आणि इजा करणारा फाटकावरून उडी मारून येत नाही. तो बहुधा आतलाच असतो, मुलाच्या ओळखीचा, बरेचदा मुलांचा लाडका. कधी कर्मचारी, कधी गाडीवरचा माणूस, कधी आमच्यासारखा थेरपिस्ट, कधी आठवड्यातून एकदा येणारा हसतमुख स्वयंसेवक, कधी वयाने मोठं असलेलं दुसरं मूल. रखवालदार त्याला सलाम करूनच आत सोडणार. कॅमेरा पडवीत असतो, जेवणघरात असतो. मुलाचे कपडे बदलतात त्या खोलीत तो नसतो आणि नसायलाच हवा. तिथे कॅमेरा लावणं हाच एक अत्याचार आहे, हेही काही उत्साही व्यवस्थापकांना सांगावं लागतं!

तर आता त्या खोलीबद्दलच बोलू, कारण सगळा प्रश्न तिथे आहे आणि त्याच्याबद्दल बोलायला कोणी तयार नसतं.

शाळाशाळांतून हल्ली ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ शिकवतात. उत्तम आहे. पण ‘चड्डीच्या आतल्या भागाला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही’ हा नियम डायपरवर असलेल्या बारा वर्षांच्या मुलीला शिकवून काय उपयोग? तिच्या त्या भागाला रोज, दिवसातून अनेकदा, कोणीतरी हात लावतंच. लावावाच लागतो. नियम ऐकून एक तर ती घाबरेल, नाहीतर हा नियम आपल्यासाठी नाही असं समजेल. दुसरं जास्त वाईट. अशा मुलीला शिकवायचं ते वेगळंच असतं. स्वच्छता कोण करतं, कुठे करतं, कोणत्या क्रमाने करतं. आधी सांगायचं, ‘आता पुसते हं’, मग थांबायचं, तिने वर बघितलं की हात लावायचा. हातमोजे घालायचे. जे काम ती स्वतः करू शकते, समजा ओला रुमाल धरणं, ते तिलाच करू द्यायचं. रोज हे असंच घडलं की तिच्या अंगवळणी पडतं, आणि एखाद्या दिवशी कोणी न सांगता, न थांबता, क्रम सोडून काही केलं तर ते वेगळं आहे हे तिला कळतं. वेगळं कळलं तरच सांगण्याचा प्रश्न येतो. ज्या मुलीला सगळेच जण न विचारता उचलतात, वळवतात, पुसतात, तिला इजा आणि शुश्रूषा यांतला फरक कुठल्या आधारावर कळावा?

हा सगळा क्रम प्रत्येक मुलासाठी कागदावर हवा, आणि मुलाच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला हवा. कोणत्या दोन-तीन व्यक्तींनी हे काम करायचं त्यांची नावं त्यावर हवीत. आज ही, उद्या ती, परवा जी मोकळी असेल ती, हे नको. दर वेळी दोन माणसं हजर पाहिजेत असाही एक नियम काही संस्था करतात. मला तो पटत नाही. मुलाच्या लाजेचा त्यात बळी जातो, आणि मनुष्यबळ अपुरं असलं की आठ दिवसांत तो नियम नुसता वहीत उरतो. त्यापेक्षा शेजारच्या सहकाऱ्याला हाक मारून ‘हिला घेऊन जातेय’ म्हणावं, पडदा ओढावा पण दार आतून लावू नये, वेळ टिपावी आणि त्वचेवर काही दिसलं तर तेही टिपावं. करता येतं तेवढंच लिहावं, आणि लिहिलेलं रोज करावं.

त्वचेवरचं काही, म्हणजे काय? स्वतः न हलणाऱ्या मुलाला वळ कसा उठला हा प्रश्न नेहमी विचारावा. उचलताना, खुर्चीच्या पट्ट्याने, स्प्लिंटच्या, म्हणजे हात-पाय सरळ ठेवायला बांधतात त्या साच्याच्या, कडेने हाता-पायांना, मांडीला वळ येऊ शकतात, ते आम्ही पाहतो. पण कानावर, मानेवर, हनुवटीवर, गुप्तांगावर आलेली खूण पट्ट्याने झाली असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबायचं. बऱ्याच ठिकाणी मूल सकाळी गाडीतून उतरताना त्याच्या शरीराच्या रेखाचित्रावर खुणा टिपतात. पालकांना आधी राग येतो, ‘आमच्यावर संशय?’ म्हणतात. त्यांना सांगावं की संध्याकाळी तुम्हीही तसंच टिपा, आमच्यावर.

एका मुलाचं सांगते. नऊ-दहा वर्षांचा, दोन्ही पायांत स्प्लिंट, नजरेने बोलणारा, आणि बोलणं बरंचसं खोडकर. त्याच्या तक्त्याच्या खालच्या कोपऱ्यात मी एक चौकोन ठेवला होता. त्यात चित्र नाही, नुसतं प्रश्नचिन्ह. अर्थ असा की, ‘मला म्हणायचंय ते यात नाही.’ हा काही माझा शोध नव्हे, आमच्या क्षेत्रात तो सांगितलेलाच आहे. वापरला जात नाही ही गोष्ट वेगळी. एका सकाळी हा मुलगा त्या कोपऱ्याकडे बघायला लागला तो हटेचना. मग आमची शोधाशोध. जागा? डोळे मिटले. वस्तू? थोडं थांबून वर बघितलं. खेळण्यातली? नाही. अंगावरची? हो, आणि हे ‘हो’ अगदी भुवया कपाळात जाईपर्यंत. शर्ट, पॅन्ट, बूट, मोजा. मोज्यावर हो. मी स्प्लिंटचा पट्टा सोडला. मोजा टाचेपाशी दुमडलेला, आणि घोट्याच्या हाडावर लालभडक खड्डा, बोट ठेवलं तरी रंग न बदलणारा. अशा खुणेची जखम व्हायला फार वेळ लागत नाही. पट्टा बांधणाऱ्या मावशींना तो खड्डा दाखवला. त्यांना अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे त्या मोजा ताणून सपाट करायच्या, त्याच्याकडे बघायच्या, तो वर बघेपर्यंत थांबायच्या आणि मग पट्टा ओढायच्या. तो मुद्दाम उशिरा बघायचा, हेही नमूद करते.

यात कोणाचा गुन्हा नव्हता. पण गंभीर गोष्ट सांगायची वेळ आली असती तर तीही याच कोपऱ्यातून आली असती. रोजच्या मोज्याची तक्रार ऐकली जाते हे ज्या मुलाला ठाऊक आहे, तेच मूल मोठी तक्रार करायला धजतं. संस्थेत तक्रारपेटी टांगून हे होत नाही. पेटी खुर्चीतल्या मुलाच्या डोक्याच्या वर असते, आणि त्याला लिहिता येत नाही.

दुसरी हकीकत अशी सुखाची नाही. ओळख पटेल असे तपशील गाळते. एक मुलगी, आधी कपडे कोरडे राहायचे ते पुन्हा ओले व्हायला लागले. स्वतःच्या मनगटाला चावायची. ठरावीक वारी गाडीकडे नेताना अंग लाकडासारखं ताठ करायची. फाइलमध्ये नोंद झाली, ‘बिहेविअर वाढलं आहे’, म्हणजे त्रासदायक वागणं वाढलंय. औषधाचा डोस वाढला. मुलगी गुंगीत, त्यामुळे नोंदही सुधारली! ठरावीक वारीच हे होतं हे कोणाच्या लक्षात आलं? डॉक्टरांच्या नाही, तिच्या आंघोळीचं बघणाऱ्या मावशींच्या. त्यांना लिहिण्याचा सराव नव्हता. त्यांनी सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत, तारखेसह लिहिलं, वाचून दाखवलं, त्यांचा अंगठा नव्हे सही घेतली आणि कागद व्यवस्थापनाला दिला. उत्तर आलं ते असं: ‘बाई, संस्थेचं नाव मोठं आहे. देणगीदारांना काय सांगायचं? आपण आतल्या आत चौकशी करू.’ आतल्या आत चौकशी म्हणजे त्या वारी गाडीवर असणाऱ्या माणसाला बोलावून ‘तू असं काही केलंस का’ असं विचारणं. तो नाही म्हणाला. महिनाअखेर ‘घरगुती कारणास्तव’ त्याचा राजीनामा आला आणि ‘वर्तणूक समाधानकारक’ असा दाखला घेऊन तो गेला. कुठे? मुलांच्याच दुसऱ्या संस्थेत. मी बाहेरच्या यंत्रणेला लेखी कळवलं. पुढचं त्यांच्याकडे आहे, त्याबद्दल इथे लिहिणार नाही. पण तो दाखला मला अजून खुपतो. नोकरीवर घेताना पोलीस पडताळणी करतात, ती करावीच. पण पडताळणीत फक्त पकडला गेलेला माणूस सापडतो. ज्याला गोड निरोप देऊन पुढे पाठवला तो कोरा निघतो. म्हणून आधीच्या ठिकाणी फोन करून थेट विचारायला हवं की, ‘हा माणूस तुम्ही मुलांसाठी पुन्हा घ्याल का?’ फोनवरची शांतता बरंच काही सांगते. कागदावर ती येत नाही.

‘बिहेविअर’ या एका नोंदीखाली किती आक्रोश गाडले गेले असतील याचा अंदाज हवा असेल तर इंग्लंडमधल्या डॉनकास्टर इथल्या तीन निवासी संस्थांचं प्रकरण पाहावं. तिथे २०१८ ते २०२१ या काळात राहिलेल्या १०८ दिव्यांग मुला-तरुणांबाबतचा राष्ट्रीय आढावा २०२२ च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झाला. मारहाण, उपासमार, औषधांचा गैरवापर, अंगावर काटा येईल असं सगळं त्यात आहे. आणि त्याच काळात सरकारी तपासणीत त्या संस्थांवर ‘चांगली’ असा शेरा होता. मुलं घरापासून लांब ठेवलेली, त्यांचा त्रागा हा त्यांच्या दिव्यांगत्वाचाच भाग धरला गेलेला. तपासनीस येतात तेव्हा रजिस्टरं बघतात, आग विझवायचं नळकांडं बघतात, खाटांमधलं अंतर मोजतात. न बोलणाऱ्या मुलाशेजारी बसून त्याच्या तक्त्यावर त्याच्याशी बोललेला तपासनीस मी तरी पाहिलेला नाही.

अर्जेंटिनातल्या मेंडोसा इथे कर्णबधिर मुलांची प्रोवोलो संस्था होती. तिथल्या लैंगिक अत्याचारांसाठी २०१९ मध्ये दोन धर्मगुरूंना ४५ आणि ४२ वर्षांच्या शिक्षा झाल्या. त्या संस्थेत मुलांना सांकेतिक भाषा वापरायला मज्जाव होता. ओठ वाचा, तोंडाने बोला, हात बांधून ठेवा. शिक्षणपद्धती म्हणून यावर आमच्या क्षेत्रात शंभर वर्षांहून जुने वाद आहेत, मी त्यात शिरत नाही. पण ज्या भाषेत मूल सहज सांगू शकतं ती भाषाच मोडून काढली की अत्याचार करणाऱ्याला आणखी काय हवं? आपल्याकडच्याच नव्हे, कुठल्याही संस्थेत शिक्षा म्हणून मुलाचा टॅब्लेट कपाटात ठेवला जातो तेव्हा मला हे आठवतं. बोलणाऱ्या मुलाच्या तोंडाला आपण पट्टी बांधणार नाही. मग याचा तक्ता काढून घेणं ही शिस्त कशी? तेच व्हीलचेअरचं. ब्रेक लावून, तोंड भिंतीकडे करून खुर्ची ठेवली की ती कोठडी झाली. कोणी हात उगारला नाही म्हणून काही झालं नाही असं होत नाही.

आता एक गोष्ट अशी लिहिते जी माझ्याच व्यवसायातल्या काहींना आवडणार नाही. मुलाचा हात धरून, मनगटाला आधार देऊन अक्षरांच्या पाटीवर त्याच्याकडून टाइप करून घेण्याची एक पद्धत १९९० च्या दशकात फार गाजली. त्या पद्धतीने ‘लिहिलेल्या’ मजकुरांतून आईवडिलांवर अत्याचाराचे आरोप झाले, मुलं घरापासून तोडली गेली. नीट चाचण्या घेतल्या तेव्हा दिसलं की शब्द मुलाचे नव्हते. हात धरणाऱ्याचे होते, आणि त्याचं त्याला कळतही नव्हतं. अमेरिकेतल्या वाचा-भाषा-श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने ही पद्धत वापरू नये असं २०१८ मध्ये पुन्हा स्पष्ट बजावलं. तरी ती नाव बदलून हिंडते. न बोलणाऱ्या मुलाचं ऐकायचं म्हणजे मुलाचंच ऐकायचं, त्याच्या स्वतःच्या नजरेतून, बोटातून, हातवाऱ्यातून. म्हणूनच त्याचं साधन संकट येण्याच्या किती तरी आधी त्याच्या हाताशी आणि सवयीचं हवं. तक्रार आल्यावर तक्ता बनवायला बसलात तर न्यायालयात त्याचा टिकाव लागणार नाही, आणि लागूही नये.

मूल काही सांगू लागलं तर ऐकणाऱ्याने काय करावं, यावर पुष्कळ प्रशिक्षणं होतात. तिथे रंगीत स्लाइड असतात, चहा असतो, प्रमाणपत्र असतं. सार एवढंच आहे की तोंड बंद ठेवावं आणि पेन चालू ठेवावं. ‘अमक्याने केलं का?’ असं नाव घेऊन विचारू नये. बरीच बौद्धिक दिव्यांग मुलं समोरच्याला खूश करायला ‘हो’ म्हणतात. आपणच त्यांना तसं घडवलेलं असतं. पुन्हा पुन्हा विचारू नये, कारण दुसऱ्यांदा विचारलं की मुलाला वाटतं पहिलं उत्तर चुकलं. अंग तपासत बसू नये, कपडे धुवायला टाकू नयेत. काय विचारलं आणि मुलाने कुठे बघितलं, कुठल्या चौकोनावर बोट ठेवलं, हे जसंच्या तसं लिहावं. आपला अर्थ त्यात घालू नये. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नये. आणि त्याच दिवशी, संचालकांची सवड न बघता, कायद्याने नेमलेल्या बाहेरच्या यंत्रणेला कळवावं. खरं-खोटं ठरवणं हे संस्थेचं काम नाही. पुढे जबाब घेणाऱ्यांना मुलाची भाषा येत नसेल तर दुभाषा मागावा, आणि तो दुभाषा त्याच संस्थेचा नोकर नसावा.

‘घडवलेलं असतं’ म्हणाले त्यावर थोडं. दिव्यांग मुलाचं कौतुक आपण कशासाठी करतो? सांगितलं की बसतं, उचललं की ओरडत नाही, भरवलं की गिळतं. ‘शहाणं आहे हो बाळ.’ थेरपीच्या किती तरी तासांत आम्ही मुलाला मोठ्याचं ऐकल्याबद्दल बक्षीस देतो, आणि मोठ्याला नकार दिल्याबद्दल एकदाही नाही. मी माझ्या विद्यार्थिनींना सांगायची की सत्रातला थोडा वेळ नकाराचा ठेवा. नको असलेला खेळ पुढे करा, मुलाने ‘नको’ दाखवलं की लगेच, खरंच, बाजूला ठेवा. त्यांना ते वेळ वाया घालवण्यासारखं वाटायचं. आईवडिलांनाही. ‘आधीच काही ऐकत नाही, त्यात तुम्ही नको शिकवता?’ हो, शिकवते. औषधाला नको म्हणाला तर औषध टळणार नाही, ते समजावून द्यावं लागेल. पण पापी घ्यायला आलेल्या पाहुण्याला नको म्हणाला तर पाहुण्याने मागे व्हायचं.

याचा अर्थ मुलांना हातच लावायचा नाही असा कोणी काढू नये. आरोपाच्या भीतीने काही संस्थांनी मुलांना जवळ घेण्यावरच बंदी आणल्याचं ऐकते. हा मूर्खपणा आहे. दिवसभर खुर्चीत असणाऱ्या मुलाला मायेचा हात हवा असतो, तो सगळ्यांदेखत द्यावा, त्याला हवा असेल तेव्हा द्यावा.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय करारात यातलं बरंच लिहून ठेवलेलं आहे. कलम ७ म्हणतं, दिव्यांग मुलाला आपलं म्हणणं मांडण्याचा हक्क आहे आणि त्यासाठी त्याच्या दिव्यांगत्वाला व वयाला साजेशी मदत मिळाली पाहिजे. कलम १६ म्हणतं, दिव्यांगांसाठीच्या सर्व सोयींवर आणि कार्यक्रमांवर स्वतंत्र यंत्रणेची परिणामकारक देखरेख हवी. स्वतंत्र, म्हणजे विश्वस्तांच्या मेहुण्याची नव्हे. संस्थेत पगारावर नसलेली एक तरी व्यक्ती ठरावीक दिवसांनी यावी, तिचा फोटो प्रत्येक मुलाच्या तक्त्यावर असावा, आणि मुलाने त्या फोटोकडे बघितलं की तिला बोलावलं जावं. याला इमारत लागत नाही, निधी लागत नाही. संचालकांना थोडं अवघड वाटेल, तेवढंच.

मावशींबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. रात्री एकटीने बारा-पंधरा मुलं सांभाळणारी, कमी पगाराची, कंत्राटावरची बाई दमते. दमलेला हात जोरात पडतो, घास घाईने भरवला जातो, मान मागे टाकून भरवला तर तो श्वासनलिकेत जातो. तिला दुष्ट ठरवणं सोपं आहे. पण मुलाच्या अंगावरची खूण पहिल्यांदा तिलाच दिसते आणि बोलली तर पहिली नोकरी तिचीच जाते. तक्रार करणाऱ्या कर्मचाऱ्याला संरक्षण देणारी एक ओळ प्रत्येक संस्थेच्या नियमांत असावी, आणि ती मावशींना वाचून दाखवलेली असावी. शासनाने अनुदान देताना हे विचारावं. देणगीदारांनीही विचारावं, मुलांबरोबर फोटो काढून, त्यांची नावं आणि आजार समाजमाध्यमांवर टाकण्यापेक्षा ते बरं. त्या फोटोंमुळे कुठे कोणतं न बोलणारं मूल राहतं हे नको त्यांनाही कळतं.

पालकांना माझं सांगणं आहे की प्रवेश घेताना बाग आणि संगणककक्ष दाखवतील ते बघा, आणि मग विचारा: माझ्या मुलाचे कपडे कोण बदलणार, त्यांची नावं सांगा. गाडीत दुसरं मोठं माणूस कोण असतं? न कळवता भेटायला आले तर चालेल का? ‘मुलं अस्वस्थ होतात’ म्हणून अचानक भेटींना बंदी असेल तर दुसरी संस्था बघा. दुसरी संस्था नसते बहुतेकदा, हे मला ठाऊक आहे. तरी विचारा, म्हणजे विचारणारे पालक आहेत हे त्यांना कळतं.

माझ्याकडे एक तक्ता तयार आहे. नको, थांब, दुखतंय, आवडलं नाही, भीती वाटते, मला सांगायचंय, यात नाही. मुलाचं आणि मुलीचं पूर्ण शरीर, पुढून आणि मागून, काही कोरं न सोडता. दिवस-रात्र, गाडी, न्हाणीघर, झोपायची खोली. चित्रं साध्या रेषांची आहेत, माझ्याच हातची, कोणीही उतरवून घ्यावीत. एक प्रत आपल्या कार्यालयात ठेवायला पाठवते आहे. मोठ्या माणसांचे चौकोन तेवढे रिकामे आहेत. तिथे ज्या त्या संस्थेने आपल्या सगळ्यांचे फोटो लावावेत, संचालकांसह.

आपली,
एक निवृत्त स्पीच थेरपिस्ट
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)